सांगलीत नदीजवळच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर राहतो. पावसाळ्याआधी पुरासाठी घरात काय काय भरून ठेवावं?

दोन गोष्टी वेगळ्या करा: उचलून पळता येईल अशी एक सॅक, आणि घरातच अडकलात तर तीन दिवस पुरेल असा साठा. मी सांगलीतच राहतो आणि 2019 व 2021, दोन्ही पूर पाहिलेत. पुराचं पाणी चढलं की आधी वीज जाते, मग नळ, मग मोबाईलची रेंज. चहूकडे पाणी असतं, पण प्यायला घोटभर मिळत नाही. म्हणून साठ्यात सगळ्यात मोठा वाटा पाण्याचा: माणशी रोज 3-4 लिटर, म्हणजे चौघांना 20 लिटरचे निदान दोन जार. खायला न शिजवता चालणारं ठेवा: भडंग, फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की.

सॅकमध्ये:
- बीपी-शुगरच्या गोळ्या, निदान आठवड्याच्या. लोक नेमकं हेच विसरतात
- टॉर्च, भरलेली पॉवर बँक, शिट्टी
- आधार, रेशनकार्ड, पासबुक, सातबारा. दोन प्लास्टिक पिशव्यांत, गाठ मारून
- सुट्या नोटा (वीज-नेट नसेल तर एटीएम आणि यूपीआय दोन्ही बंद)
- ओआरएस, क्लोरीनच्या गोळ्या, सॅनिटरी पॅड

मात्र साठा आहे म्हणून घरात थांबू नका. स्थलांतराची सूचना आली की रस्ता कोरडा असतानाच निघा. घरात म्हातारी माणसं, तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर सूचनेचीही वाट पाहू नका. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर 1077.