घुमट, सिंथ आणि चतुर्थीची तारीख

प्रश्न : घुमट (मातीच्या मडक्यावर चामडं ताणून केलेलं गोव्याचं वाद्य) आणि सिंथेसायझर घेऊन मी एक मराठी पॉप सिंगल केलंय. पहिली ४५ सेकंदं नुसतं घुमट. मित्र म्हणतात, काप. रेकॉर्डिंगमध्ये घुमट डबा बडवल्यासारखं वाजतं ते वेगळंच. चतुर्थीला प्रदर्शित करायचंय. काय करू?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : आधी घुमटाचं बघू. तुम्ही माइक चामड्यासमोर ठेवला असणार. पण घुमार येतो मागच्या लहान तोंडातून, जिथे डावा तळवा उघडझाप करत असतो. दुसरा माइक तिथे लावा, वीतभर लांब आणि जरा तिरका, नाहीतर हवेचा फटका बसेल. दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवल्यावर खर्ज बारीक झाला, तर एकाची फेज (म्हणजे ध्वनिलहर) उलटी करून बघा. पावसाळी हवेत चामडं सैल पडतं, तेव्हा वाजवण्याआधी शेकून घ्या. (चामडं बकऱ्याचंच आहे ना? पूर्वी घोरपडीचं लावत, पण तिला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.)

मित्रांचं अर्धंच ऐका. स्पॉटिफायवर ३० सेकंदं वाजल्याशिवाय ऐकणं मोजलं जात नाही. मी कापणार नाही, पण विसाव्या सेकंदाला सिंथचा एक लांब स्वर आत सोडीन.

प्लेलिस्टसाठी गाणं स्पॉटिफायच्या संपादकांकडे किमान ७ दिवस आधी पाठवावं लागतं. मी महिनाभर हाताशी ठेवतो. आणि चतुर्थीचा दिवस नकोच. त्या दिवशी घुमटाचे खरे शौकीन आरतीत स्वतःच वाजवत असतात, तुमचं गाणं कोण लावणार? पंधरा दिवस आधी सोडा. घुमट वाजवणाऱ्याचं नाव श्रेयात घातलंय ना?