तिसरीच्या रिपोर्ट कार्डातला ‘२’

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आम्ही पुण्याहून कॅलिफोर्नियात आलो. मुलगी इथे तिसरीत आहे. नोव्हेंबरमध्ये तिचं रिपोर्ट कार्ड आलं. त्यात टक्के नाहीत, नंबर नाही. नुसत्या ओळी आणि प्रत्येकीपुढे १ ते ४ मधला एक आकडा. गणितात बहुतेक २, वाचनातही दोन ओळींना २. तिचे वीसपर्यंतचे पाढे पाठ आहेत! ४ पैकी २ म्हणजे ५० टक्केच झाले ना? साताऱ्याहून तिचे आजोबा विचारतात, त्यांना काय सांगू? घरी आम्ही मराठीच बोलतो, त्यामुळे ती मागे पडतेय का?
– एक आई

उत्तर : आधी ते ५० टक्के डोक्यातून काढून टाका. इथे ३ म्हणजे ‘या इयत्तेत जे यायला हवं ते येतं’ आणि २ म्हणजे ‘येऊ लागलंय, अजून पक्कं नाही’. मी इथल्या सरकारी शाळेत तिसरीलाच शिकवते. आमच्याकडे ही मोजणी वर्षअखेरीच्या अपेक्षेशी होते. नोव्हेंबरात अपूर्णांक, भागाकार शिकवून पुरे झालेले नसतात, त्यामुळे माझ्या हातून तेव्हा पुष्कळ २ दिले जातात आणि त्यातली बरीच मुलं जूनपर्यंत ३ वर येतात. मात्र सगळीकडे अशीच पद्धत नसते. काही ठिकाणी ‘आत्तापर्यंत जेवढं यायला हवं’ त्याच्याशी मोजतात. तिथे नोव्हेंबरातला २ जास्त गांभीर्याने घ्यायचा. तुमच्या शाळेची रीत कार्डावरच बारीक अक्षरात छापलेली असते. तो मजकूर आधी वाचा, आकडे नंतर.

आता पाढे. कॅलिफोर्नियाने २०१० साली ‘कॉमन कोअर’ स्वीकारलं, म्हणजे कुठल्या इयत्तेत काय यायला हवं याची अनेक राज्यांनी मान्य केलेली यादी. त्यात तिसरी संपेपर्यंत एक अंकी संख्यांचे गुणाकार तोंडपाठ हवेत असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे तुमच्या मुलीची मेहनत वाया गेलेली नाही, पण ती एका ओळीपुरती आहे. बाकीच्या ओळी वेगळं काही विचारतात. ‘एका खोक्यात ८ पेन्सिली, अशी ६ खोकी. त्यातल्या १५ वाटल्या, किती उरल्या?’ हे उदाहरण तिला घाला. पाढे पाठ असलेलं मूल पटकन ४८ लिहितं आणि पेन्सिल खाली ठेवतं. पुढची वजाबाकी त्याच्या मनातच येत नाही. दुसरं, ‘सात आठे छप्पन्न’ आठवलंच नाही तर काय करशील, असं विचारा. पाच आठे चाळीस आणि दोन आठे सोळा, मिळून छप्पन्न, असं ती सांगू शकली तर ती ३ च्या जवळ आहे. टीचर हेच शोधत असतात.

एक कळकळीची विनंती. आपल्याकडची उभी मांडणी घाईने शिकवू नका. इथे मोठ्या संख्यांचा उभा गुणाकार पाचवीत पक्का व्हावा अशी अपेक्षा आहे, लांबलचक भागाकार तर सहावीत. तिसरीतलं मूल घरी एक रीत आणि शाळेत दुसरी अशा ओढाताणीत सापडलं की वर्गात बोलायलाच घाबरतं, आणि बोललं नाही तर त्याला काय कळलंय हे टीचरला दिसणार कसं?

मराठी बंद करू नका. हे मी जितकं ठासून सांगता येईल तितकं सांगते. वाचनाच्या ओळींतली एक नीट बघा: गोष्ट, लोककथा पुन्हा सांगता येणं, तिचा आशय ओळखणं आणि तो गोष्टीतल्या कुठल्या तपशिलावरून कळला ते दाखवणं. हे काम मराठीत करायला काहीच अडत नाही. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं, ही गोष्ट रात्री सांगा आणि मग विचारा, चिमणीला दार उघडायचंय का नाही? कशावरून? ‘थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते, थांब, तीट लावते’ असं ती सारखं म्हणत राहते त्यावरून, असं मुलगी म्हणाली की समजा, तिला मुद्दा पुराव्यासकट मांडता येतोय. तेच ती उद्या इंग्रजीत मांडेल, शब्द तेवढे नवे लागतील. इंग्रजी वाचनासाठी लायब्ररीतून तिला झेपतील अशी पुस्तकं आणाच.

वागणूक, गृहपाठ, वेळेवर काम देणं याचा रकाना बहुतेक कार्डांवर वेगळा असतो. वही राहिली म्हणून गणिताचा आकडा खाली येत नाही. ४ साठीही हट्ट नको. आमच्याकडे तो इयत्तेच्या पुढचं काम सातत्याने दिसलं तरच देतात, आणि सगळीकडे ३ असलेलं कार्ड हे उत्तम कार्ड आहे. आजोबांना हेच सांगा. हवं तर त्यांच्याशी फोनवर ती पेन्सिलींचं उदाहरण बोलू दे, त्यांना नातीची प्रगती टक्क्यांपेक्षा जास्त कळेल. महाराष्ट्रातही २०१० साली पहिली ते आठवीला श्रेणी आणि वर्णनात्मक नोंदी आल्या होत्या, त्यामुळे ही कल्पना त्यांना अगदी परकी वाटायची नाही.

पॅरेंट-टीचर कॉन्फरन्सला वेळ थोडा मिळतो. ‘ती कशी आहे?’ असं विचारलंत तर ‘गोड मुलगी आहे’ असं ऐकून परत याल. त्याऐवजी २ मिळालेली एकच ओळ निवडा आणि म्हणा, ‘या ओळीचं तिचं काम मला दाखवा, आणि ३ मिळालेल्या कामात काय वेगळं असतं तेही दाखवा.’ दोन कागद शेजारी ठेवले की घरी काय करायचं ते तुम्हाला आपोआप कळेल. मार्चच्या कार्डातही त्याच ओळींना २ राहिला आणि कामात काही फरक दिसला नाही, किंवा कुठे १ आला, तर जूनची वाट बघू नका. त्याच आठवड्यात टीचरना ईमेल करून शाळेत जादा मदतीचा कुठला गट आहे ते विचारा आणि तिचं नाव त्यात घालायला सांगा.