‘सुवर्णहोन’, वराह आणि हंपी

प्रश्न असा आला आहे: “विजयनगरच्या नाण्याला ‘सुवर्णहोन’ म्हणावं की नुसतं ‘होन’? आणि होन व वराह एकच का?”

नुसतं होन. ‘सुवर्णहोन’ म्हणजे गाईचं गोमूत्र. परवा एका मालिकेत सरदार ‘चांदीचे शंभर होन’ बक्षीस देताना ऐकलं आणि टीव्ही बंद केला. कन्नडमध्ये ‘होन्नु’ म्हणजेच सोनं! मराठीने शेवटचा उकार गाळला आणि नाण्याचं नाव केलं, एवढंच.

इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. खरी गंमत त्या ‘हो’मध्ये आहे. जुन्या कन्नडमध्ये हा शब्द ‘पोन्’ होता. तमिळमध्ये अजून ‘पोन्’च आहे, कावेरीला ‘पोन्नी’ म्हणतात ते त्यावरूनच. दहाव्या शतकातला कन्नड कवी पोन्न, त्याच्याही नावात प आहे. मग साधारण त्याच शतकापासून कन्नडमधल्या शब्दारंभीच्या प चा ह होऊ लागला. पाल् (दूध) चं हालु, पुलि (वाघ) चं हुलि, पळ्ळि (खेडं) चं हळ्ळि. आता संस्कृत ‘पण’ घ्या, जो आपल्या ‘पणन’ खात्यात बसलाय. त्याचं कन्नडमध्ये झालं ‘हण’, म्हणजे पैसा. तमिळमध्ये ‘पणम्’ राहिला, आणि तोच व्यापाऱ्यांच्या तोंडी ‘फणम’ झाला. माझ्या मते हे अरबांचं काम, त्यांच्याकडे प नाही! आणि ज्या राजधानीत हे होन खुळखुळले तिचं नाव? पंपा, तिचं हंपे, आपली हंपी. राजधानी, सोनं आणि पैसा, तिघांनीही एकाच प ला रजा दिली. हे पहिल्यांदा जुळलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

तरीही काही विद्वान ‘होन’चा संबंध हूणांशी लावतात. का, तर फारसी लिखाणात ‘हून’ दिसतो म्हणून. अहो, हूण आले पाचव्या-सहाव्या शतकात आणि राहिले उत्तरेत. तुंगभद्रेकाठी ते काय टांकसाळ घालायला आले होते? दुसरा पक्ष ‘हिरण्य’वाल्यांचा. त्यांना प्रत्येक शब्दाची मुंज संस्कृतातच लावायची असते, त्यांच्याशी वाद नाही.

हं, वराह राहिला. नाणं तेच, सुमारे 3.4 ग्रॅमचं. वराह हे नाव चालुक्यांच्या राजचिन्हावरून आलं. विजयनगरच्या सोन्याच्या नाण्यांवर मात्र रानडुक्कर शोधत बसू नका. कृष्णदेवरायाच्या (1509–1529) नाण्यावर बाळकृष्ण बसलेला आहे, हातात लोण्याचा गोळा. मागे तीन ओळींत, चक्क नागरीत, ‘श्री प्रताप कृष्णराय’. 1443 साली विजयनगरला आलेला इराणी दूत अब्दुर रझाक हिशेब देतो: वराहाचा अर्धा प्रताप, प्रतापाचा दहावा भाग फणम, फणमचा सहावा भाग चांदीचा तार, ताराचा तिसरा भाग तांब्याचा जीतल. यातल्या ‘प्रताप’चं पोर्तुगिजांनी ‘पार्दाव’ केलं, आणि गोव्यात पुढे कितीतरी काळ हिशेब त्याच नावाने चालले.

शिवाजी महाराजांचा होनही सोन्याचाच होता. त्यावर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असतं. मालिकावाल्यांनी तेवढं तरी बघावं.