लायब्ररीत आठवी ते दहावीच्या मुलांसाठी पुस्तकांवरची पार्टी ठेवायचीय, नेमकं काय ठेवू?

डेकोरेशनवर पैसे घालवू नका, पुस्तकं शोधायचा खेळ ठेवा, या वयाची मुलं त्यातच खरी रमतात. आमच्या तालुक्याच्या लायब्ररीत मी असे कार्यक्रम घेते, त्यात भाषण सुरू झालं की मोबाईल बाहेर येतात, पण हातात चिठ्ठी दिली की सगळी कपाटांकडे धावतात. पुस्तकं ड्युई पद्धतीने, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरलेला नंबर देऊन लावलेली असतील तर चिठ्ठीवर नुसता नंबर लिहायचा, 641 म्हणजे स्वयंपाक, 796 खेळ, 891.46 मराठी साहित्य, 891.469 कोंकणी, आणि त्या कपाटातल्या एका पुस्तकात पुढची चिठ्ठी लपवायची. गट करताना मराठी, कोंकणी, इंग्लिश वाचणारी मुलं मुद्दाम मिसळा, मग एकमेकांना वाचून दाखवावंच लागतं, मला तर हाच भाग सगळ्यात आवडतो. तारीख 12 ऑगस्ट घ्या, भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचा जन्मदिवस म्हणून त्या दिवशी ग्रंथपाल दिन पाळतात, शिवाय चतुर्थीची गडबड सुरू झालेली नसते. फक्त खाणं आत न्यायचं नाही हां, पाव-भाजी बाहेर व्हरांड्यातच, आणि हात धुतल्याशिवाय कुणाला परत कपाटाकडे सोडू नका.