कुलमुखत्यारपत्र रद्द करण्यापूर्वी

अनेक उत्तम आशीर्वाद.

परदेशात नोकरी करणाऱ्या तुझ्या पक्षकाराला जमिनीच्या कामासाठी धाकट्या भावाच्या नावे दिलेले कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने सह्या व व्यवहार करण्याचा लेखी अधिकार, रद्द करायचे आहे आणि त्याचा मसुदा तू तपासायला पाठवला आहेस. भाषा निर्दोष आहे. पण एवढा एक कागद झाला की दिलेला अधिकार परत आला, असे तू धरून चालला आहेस आणि तिथे माझी हरकत आहे.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०३ प्रमाणे अधिकार देणारा तो काढून घेऊ शकतो, मात्र त्या अधिकाराचा वापर होऊन तो स्वतः बांधला जाण्याआधी. भावाने कुणाला विसारपावती, म्हणजे बयाणा घेऊन विक्री ठरवल्याचा लेख, करून दिली असेल, तर आजच्या रद्दलेखाने ती पुसली जात नाही. म्हणून मसुद्याआधी पक्षकाराला विचार, की भावाने आजवर कुठे कुठे सह्या केल्या, बयाणा कुणाकडून घेतला आणि मूळ कुलमुखत्यारपत्र कुणाच्या कपाटात आहे. घरातली माणसे यावर पटकन बोलत नाहीत. खोदून विचारावे लागते.

याहून महत्त्वाचे कलम २०८. अधिकार संपल्याचे भावाला कळेल तेव्हा तो भावापुरता संपतो आणि तिऱ्हाइतांपुरता त्यांना कळेल तेव्हा. आपण सही केली त्या दिवशी नव्हे. या मधल्या काळात प्रामाणिकपणे व्यवहार करणाऱ्याला कायदा संरक्षण देतो, आणि निम्मे खटले याच फटीतून उगवतात असे माझे मत आहे. तेव्हा भावाला पोहोच घेऊन लेखी नोटीस दे, मूळ दस्त परत माग, तो जिथे नोंदवला त्याच दुय्यम निबंधकांकडे रद्दलेख नोंदव, गावात वाचल्या जाणाऱ्या वृत्तपत्रात जाहीर नोटीस दे, आणि ज्या बँकेत किंवा ज्या खरेदीदाराकडे भाऊ ते पत्र घेऊन गेला होता, त्यांना स्वतंत्रपणे कळव. केवळ जाहीर नोटिशीवर विसंबू नकोस. ती वाचतो कोण?

दस्तावर ‘रद्द न होणारे’ असे छापलेले आहे, त्याने बिचकू नकोस. त्या शब्दांपेक्षा भावाचा त्या जमिनीत स्वतःचा हितसंबंध आहे का, हे पाहावे लागते. तो असेल तर कलम २०२ आड येईल, म्हणजे त्या हितसंबंधाला बाध येईल असा अधिकार काढून घेता येणार नाही. केवळ आपुलकीने काम पाहणाऱ्या भावाचा असा हितसंबंध नसतो. बक्षीसपत्राची गोष्ट निराळी, ते मन बदलले म्हणून मागे घेता येत नाही. पक्षकार दोन्ही एकाच दमात बोलत असेल तर आधी नेमका दस्त कोणता, ते डोळ्यांनी पाहा.

रद्दलेख परदेशात सही होऊन येणार असल्याने, तो राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावे लागेल. तो कधी पोहोचला हे दाखवता यावे म्हणून ज्या पाकिटातून तो येईल, ते तारखेच्या शिक्क्यासह फाइलला लावून ठेव.