टोपण अडकलेले पेन आणि हातातली नोकरी

सप्रेम नमस्कार.

आपले सविस्तर पत्र मिळाले. यंत्र अभियांत्रिकी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आपल्या मुलीने घरच्या छोट्या लेथवर म्हशीच्या शिंगापासून तीन फाउंटन पेने घडवली. त्यांपैकी एकाचे टोपण दमट हवेत घट्ट अडकून बसले, दुसऱ्याची शाई चार दिवस न लिहिल्यास निबवर वाळते, आणि तिचे काम चालू असताना घरभर केस जळल्यासारखा वास पसरतो, असे आपण लिहिले आहे. यंत्रशाळेतील चालून आलेली नोकरी नाकारून तिला पूर्णवेळ हेच करायचे असल्यामुळे तिला अडवावे की पाठबळ द्यावे, हा आपला प्रश्न आहे.

माझे मत आधीच सांगतो. तिने नोकरी नाकारू नये आणि लेथही बंद ठेवू नये. आपण तक्रारीच्या सुरात लिहिलेल्या तीन गोष्टी मला मात्र तिच्या पुढच्या दोन-तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासारख्या वाटतात, म्हणून त्यांच्याविषयीच विस्ताराने लिहितो.

प्रथम वासाविषयी. गाय, म्हैस, मेंढा यांचे शिंग हे आतल्या हाडावर चढलेले केराटिन या प्रथिनाचे आवरण असते, आणि केस व नखेही केराटिनचीच बनलेली असल्यामुळे तापलेल्या शिंगाला जळक्या केसांचा वास येतो. (हरणवर्गीय प्राण्यांची दरवर्षी गळणारी शिंगे मात्र हाडाची असतात. मराठीत दोहोंना एकच शब्द असल्याने माहिती वाचताना बराच गोंधळ होतो, तेवढे मुलीला सांगावे.) लेथवर काम करताना असा वास येऊ लागला, तर हत्याराची धार गेली आहे, फेरे अधिक आहेत, किंवा भोक पाडताना ड्रिल वरचेवर बाहेर काढून भुसा साफ केला जात नाही, असे समजावे. तापलेले शिंग थर सोडू लागते आणि ती चीर कधी कधी पॉलिश झाल्यावरच दिसते. वासापेक्षा मला काळजी धुळीची वाटते. ही धूळ फुप्फुसात जाऊ नये यासाठी चांगला मास्क आणि धूळ ओढून घेणारी यंत्रणा अत्यावश्यक आहे. कच्ची कातडी, लोकर आणि शिंगे यांच्यामार्फत अँथ्रॅक्स या जिवाणूजन्य गंभीर रोगाचे बीजाणू माणसापर्यंत पोहोचू शकतात, त्यामुळे कोठून आले हे ठाऊक नसलेले, स्वच्छ न केलेले शिंग तिने घरात आणू नये. शक्य असल्यास लेथही राहत्या खोल्यांपासून दूर हलवावा.

अडकलेल्या टोपणाची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. शिंग हवेतील ओलावा शोषून फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. लाकूडही असेच वागते. परंतु लाकडाच्या खुर्चीला जो बदल सहज सोसतो, तो पेनाच्या आट्यांना सोसत नाही, कारण टोपण आणि नळी यांच्या आट्यांमध्ये फट ठेवलेली असते ती मिलिमीटरच्या काही शतांश भागांची. त्यातही पेनाच्या टोपणाला बहुधा तीन सुरुवातींचे, म्हणजे शेजारी शेजारी सुरू होऊन एकत्र फिरत जाणारे तीन आटे पाडतात. सुमारे 13 मिलिमीटर व्यासावर 0.8 मिलिमीटर अंतराचे असे आटे असले, तर टोपण एका फेऱ्यात 2.4 मिलिमीटर पुढे सरकते आणि एक-दीड फेऱ्यांतच उघडते. लिहिणाऱ्याला ही मोठी सोय असते, पण घडवणाऱ्याचा हात आणि टॅप-डाय (आटे पाडण्याची हत्यारे) तितकेच अचूक असावे लागतात. म्हणून आटे, पकडीचा भाग आणि शाईशी संबंध येणारे सर्व आतले भाग एबोनाइटचे (गंधकाने कठीण केलेल्या रबराचे) किंवा ॲक्रिलिकचे करावेत आणि शिंग केवळ बाहेरच्या आवरणासाठी वापरावे, हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो. शाई थेट नळीत भरण्याऐवजी कन्व्हर्टर (शाई ओढून साठवणारा, पेनात बसणारा छोटा सुटा भाग) वापरावा, म्हणजे आतून ओल लागण्याचा प्रश्नच उरत नाही.

येथे एक गमतीची गोष्ट आठवते. दुधातील केसिनपासून शिंगासारखे दिसणारे कृत्रिम द्रव्य बनवण्याचे पेटंट 1897 च्या सुमारास जर्मनीत घेतले गेले, आणि पुढे त्या द्रव्याचीही पेने झाली. ते पाण्याने फुगते, हा त्याचा दोष इतका शिंगासारखा आहे की नक्कल अस्सलच म्हणावी लागेल.

शिंग निवडण्याचीही एक विद्या आहे. शिंगाचा बराचसा भाग पोकळ असून भरीव असते ते टोक, आणि तेही वाकडे. उष्णता देऊन ते सरळ करता येते, पण पुढे पुन्हा ऊब किंवा ओल मिळाली की ते जुन्या वळणाकडे झुकू लागते. त्यामुळे मुळातच सरळ असलेला तुकडा शोधणे, तो ओबडधोबड कातून व मधून भोक पाडून काही महिने तसाच ठेवणे, आणि स्थिरावल्यानंतरच अखेरच्या मापाला आणणे, एवढा धीर या कामाला लागतो.

वाळणाऱ्या शाईचा दोष शिंगाचा असेलच असे नाही. टोपण बंद केल्यावर निबभोवतीची जागा हवाबंद झाली पाहिजे, आणि त्यासाठी टोपणाच्या आत अस्तर बसवून त्याची कड पकडीवर नीट टेकते का, हे तपासावे लागते.

आता नोकरीविषयी. एक सुंदर पेन पुष्कळांना जमते. परंतु गिऱ्हाईक पैसे मोजते ते दहावे पेनही पहिल्याइतकेच बिनचूक असेल या भरवशावर. मोजमापाची ही शिस्त यंत्रशाळेत पगार घेऊन शिकता येते. तिने तेथे निदान दोन वर्षे काढावीत आणि संध्याकाळी एबोनाइटची पेने करावीत, कारण एबोनाइट शांतपणे कातले जाते आणि चूक कोणाची झाली, हे लपवत नाही. निब स्वतः घडवण्याच्या फंदात तिने आत्ता पडू नये. योवो, बॉक यांसारख्या जर्मन उत्पादकांच्या निब अनेक लहान कारागीर वापरतात. मात्र निबची दोन टोके भिंगाखाली सारखी करणे, शाईचा प्रवाह जुळवणे आणि जुनी पेने दुरुस्त करणे तिने अवश्य शिकावे. नव्या पेनांना मागणी नसलेल्या महिन्यात दुरुस्तीचे काम हाताशी राहते.

उत्पन्नाचा हिशेब तासांत मांडावा. त्यात वाया गेलेले तुकडे, परत आलेली पेने आणि पत्रव्यवहाराचा वेळही धरावा, म्हणजे केवळ शिंगावर घर चालवणे किती कठीण आहे, हे तिला कोणी न सांगताच कळेल. शिंग हे तिच्या अनेक साहित्यांपैकी एक असावे, असे मला वाटते. परदेशी विक्री करायची झाल्यास प्राणिजन्य वस्तूंसाठी त्या त्या देशाचे नियम आधी पाहावे लागतात. पाळीव जनावरांच्या शिंगाला साइट्स करार (धोक्यातील वन्य प्राणी व वनस्पतींच्या व्यापारासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार) आड येत नाही. गेंड्याच्या शिंगाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर मात्र त्याच करारान्वये बंदी आहे. त्यामुळे प्रत्येक तुकडा कोणत्या जनावराचा आणि कोणाकडून घेतलेला, याची नोंद तिने आजपासूनच ठेवावी.

अडकलेले ते पेन तिला टाकून देऊ देऊ नका. टोपण जोर लावून न फिरवता पेन काही दिवस कोरड्या जागी ठेवावे. ते सुटल्यावर आट्यांचा व्यास मोजून वहीत लिहावा आणि पुढे वर्षभर दर महिन्याला तीच नोंद करावी. बारा नोंदी झाल्या की टोपणात किती फट ठेवायची, हे तिला स्वतःच्या आकड्यांवरून ठरवता येईल. त्या वेळी पुन्हा पत्र पाठवावे, आणि शक्य तर ते तिने स्वतः लिहावे.