जुनी गाडी 60 च्या पुढे गेली की घुमल्यासारखा आवाज येतो. गिअरबॉक्स उघडावा का, आणि खर्च किती येईल?

उघडू नका. निदान या आठवड्यात तरी उघडू नका.

आपण लिहिले आहे की गाडी 2009 सालची, पेट्रोलवर चालणारी आहे, वेग 60 च्या पुढे गेला की घुंऽऽ असा आवाज सुरू होतो, 80 ला तो वाढतो, क्लच दाबला तरी थांबत नाही आणि गॅरेजवाल्याने गिअरबॉक्स उतरवावा लागेल असे सांगितले आहे. हे वर्णन वाचताना मला आमच्याच गाडीचा 2022 सालचा पावसाळा आठवला. त्या पावसाळ्यात मी नेमका हाच सल्ला ऐकला, मानला आणि त्याचे पैसे मोजले, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मी मेकॅनिक नाही. एस.टी.च्या आगारात भांडार विभागात माझी सारी नोकरी गेली. बेअरिंगचे, म्हणजे फिरता भाग सहज फिरावा म्हणून बसवायच्या छर्ऱ्यांच्या कड्यांचे, खोके खिडकीतून देणे, सही घेणे आणि वहीत नोंद करणे हे माझे काम होते. पाना मी क्वचितच हाती धरला. तरीही नातेवाइकांमध्ये मी गाड्यांचा जाणकार समजला जातो आणि तो समज दूर करण्याचा प्रयत्न मी आजवर केलेला नाही.

आम्ही अंबाजोगाईला राहतो. गाडी 2006 सालची, लहान, पुढच्या चाकांवर चालणारी. त्या वर्षी आषाढात गावाकडच्या रस्त्यावरील फरशी पुलावरून पाणी वाहत असताना मी गाडी घातली होती. पाणी अर्ध्या चाकापर्यंत होते, गाडी पार झाली आणि मी ती गोष्ट विसरून गेलो. पुढे श्रावणात लातूरला जाताना, रेणापूर मागे पडल्यावर, आवाज पहिल्यांदा जाणवला. गिरणी दूर कुठेतरी चालू असावी तसा, एकसुरी आणि न थांबणारा.

माझ्या पत्नीचे गुडघे दुखतात, म्हणून ती लांबच्या प्रवासात मागच्या आसनावर उजव्या दाराला पाठ टेकून आणि पाय लांब करून बसते. हे नियमात बसत नाही, सीटबेल्टही नीट लागत नाही, हे मला मान्य आहे. परंतु या हकिकतीत तिच्या त्या बसण्याला महत्त्व आहे. ती म्हणाली, ‘‘अहो, आवाज पुढून नाही, माझ्या पाठीमागून येऊलालाय. पाठीला मुंग्या आल्यासारखं होतंय.’’ मी तिला सांगितले की बंद डब्यात घुमणारा आवाज चारही बाजूंवर आदळून येतो आणि अशा खालच्या पट्टीतील आवाजाची दिशा कानाला कळत नाही. हे विधान शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे नाही, हे येथे नमूद करतो.

गॅरेजमधील मिस्त्री हुशार होता. त्याने गाडी स्वतः चालवून पाहिली, 80 ला नेऊन क्लच दाबला, गिअर न्यूट्रलला आणला. इंजिनाचे फेरे खाली आले, आवाज मात्र होता तसाच राहिला. त्यामुळे इंजिन, पट्टा, ऑल्टरनेटर, क्लचचे बेअरिंग हे सगळे एका फटक्यात बाद झाले. मी म्हणालो, मग गिअरबॉक्सही बाद झाला. त्यावर तो म्हणाला, ‘‘काका, न्यूट्रलमध्ये बी चाकं फिरतात तोवर आतला शाफ्ट अन् डिफरन्शियल फिरतच राहतं. आवाज गिअरबॉक्समधूनच येऊलालाय.’’ पहिले वाक्य पूर्ण खरे होते. त्या खऱ्या वाक्यामुळे दुसऱ्यावरही माझा विश्वास बसला आणि आपली फसगत नेमकी अशाच ठिकाणी होते. त्याने त्याच वेळी आणखी एक गोष्ट पाहायला हवी होती. गिअरबॉक्स किंवा डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना फिरण्याची ताकद वाटून देणारा दात्यांचा संच) कुरकुरत असेल, तर ॲक्सिलरेटर दाबताना एक सूर लागतो आणि पाय काढून गाडी गिअरमध्येच नुसती पळू दिली की तो बदलतो, कारण दात्यांवरचा भार उलटतो. आमच्या गाडीत काहीच बदलत नव्हते. मला हे आगारातील जुन्या मंडळींच्या बोलण्यातून माहीत होते, पण गॅरेजमध्ये उभे असताना ते आठवले नाही.

गिअरबॉक्स उतरला. उतरलाच आहे तर क्लचप्लेट बदलून टाकू, सील बदलू, तेल नवे घालू, असे होत चार दिवस आणि 11,400 रुपये गेले. रेणापूरपर्यंत चक्कर मारली. तेल नवे, क्लचप्लेट नवी, आवाज जुना. पत्नी मागे बसली होती. ती काही बोलली नाही.

यानंतरचा भाग मात्र माझ्या अभिमानाचा आहे. मुलीकडे छत्रपती संभाजीनगरला जाताना केज, नेकनूर करून आम्ही मांजरसुंब्याच्या घाटात आलो, तेव्हा माझ्या ध्यानात आले की डाव्या वळणावर आवाज चढतो आणि उजव्या वळणावर जवळजवळ मिटतो. परत आल्यावर हे सांगितले तर मिस्त्रीचे मत पडले की डावीकडे वळताना आवाज येतो म्हणजे चाकाचे डावे बेअरिंग गेले. मी म्हणालो, उजवे. एस.टी.ने उभ्याने प्रवास केलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागू नये: बस डावीकडे वळली की सगळी गर्दी उजव्या बाजूला कलंडते. गाडीचे वजनही तसेच बाहेरच्या चाकांवर जाते. डाव्या वळणावर भार उजव्या चाकांवर येतो आणि खराब बेअरिंग भाराखाली ओरडते. म्हणून ज्या बाजूला वळताना आवाज वाढतो, त्याच्या विरुद्ध बाजूवर आधी संशय घ्यावा. पुष्कळ गॅरेजमध्ये हे उलटे लावले जाते आणि चांगले बेअरिंग काढून फेकले जाते.

मिस्त्रीने चाक वरखाली धरून हलवले आणि ‘‘खेळ नाही, बेअरिंग ठणठणीत आहे,’’ असे सांगितले. हाही एक गैरसमजच आहे. बेअरिंग आधी घुमते, खेळ, म्हणजे सैलपणा, फार नंतर येतो. छर्रे ज्या कड्यांवर फिरतात त्यांच्यावर बारीक खळगे पडले की आवाज सुरू होतो. त्या वेळी चाक हाताने हलवून काहीही कळत नाही. अखेर माझ्या हट्टामुळे पुढचे उजवे बेअरिंग बदलले. चाक ज्यावर बसते तो हब प्रेसवर दाबून काढावा लागला, सगळे मिळून 2,600 रुपये झाले.

दोन दिवस मी स्वतःची समजूत घातली की आवाज कमी झाला आहे. तिसऱ्या दिवशी पत्नी म्हणाली, ‘‘पुढचा आवाज गेला असेल तर आता मागचा तेवढा काढून घ्या.’’

मागचे उजवे चाक जॅकवर उचलले, हँडब्रेक सोडला, एका हाताने चाक जोरात फिरवले आणि दुसरा हात कॉइल स्प्रिंगवर ठेवला. फिरत्या जात्यावर हात ठेवावा तशी घरघर थेट मनगटापर्यंत आली. डावे मागचे चाक तसेच फिरवले. ते मुक्याने फिरले. अर्ध्या तासाचे काम आणि 1,450 रुपये. काढलेले बेअरिंग मी हातात घेऊन पाहिले, तेव्हा आतले ग्रीस गेरूच्या रंगाचे झाले होते आणि फरशी पुलाचे पाणी कुठे गेले होते याचा उलगडा झाला. त्या संध्याकाळी बीडच्या रस्त्यावर गाडी 80 ने पळवली, तर डॅशबोर्डमध्ये काहीतरी खुळखुळते हे वर्षानुवर्षांत प्रथमच ऐकू आले.

आता या प्रकरणाचा आमच्या घरात जो निष्कर्ष काढला जातो, त्याबद्दल मला दोन शब्द लिहिणे भाग आहे. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला ही हकिकत ‘‘मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं’’ या वाक्याने सुरू होते. माझे म्हणणे इतकेच आहे की चार चाकांपैकी दोन मी निव्वळ तर्काने बाद केली होती आणि ती बरोबर बाद केली होती. बाजू उजवीच निघाली. पत्नी त्या बेअरिंगपासून हातभर अंतरावर पाठ टेकून बसली होती; ते निदान नव्हे, तो बसण्याच्या जागेचा योगायोग आहे. यावर तिचे उत्तर असे की तर्काला 14,000 रुपये लागले आणि पाठीला काहीच लागले नाही. आकडा बरोबर आहे, परंतु त्यातले 11,400 मिस्त्रीच्या तर्काचे आहेत, माझ्या नव्हेत. ही वजाबाकी मी अनेकदा मांडली आहे.

तरीही आपणास एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. चालक हा आवाज शोधण्यासाठी सर्वांत वाईट जागी बसलेला असतो. समोर इंजिन, पायाखाली पत्रा, हातात थरथरते स्टिअरिंग. कोणाला तरी मागे बसवा, एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे, आणि दाराला व आसनाला हात लावून पाहायला सांगा. मी हे कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही.

बेअरिंगकडे वळण्याआधी टायर मात्र पाहून घ्या; हे खरे तर सुरुवातीलाच लिहायला हवे होते. टायरच्या नक्षीवरून तळहात एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखे लागले, तर टायर उंचसखल झिजले आहेत आणि त्यांचा आवाज हुबेहूब बेअरिंगसारखाच असतो. फरक असा की रस्ता बदलला की टायरचा सूर बदलतो, बेअरिंगचा फारसा बदलत नाही. डांबरी रस्ता सोडून सिमेंटच्या रस्त्यावर जाऊन पाहा; पण हेही लक्षात ठेवा की समृद्धी महामार्गासारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर चांगली गाडीसुद्धा गुणगुणते, तेथे ऐकलेल्या आवाजावरून निकाल देऊ नका. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकले आणि आवाजाने जागा बदलली, तर दोष टायरचाच. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो, पहिले दोन अंक आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. 2009 सालच्या गाडीवर 1215 असा आकडा दिसला, तर तो टायर 2015 सालच्या बाराव्या आठवड्यातला आहे आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी मराठवाड्याच्या उन्हात त्याचे रबर दगड झालेले असणार. अशा टायरबाबत आवाजाची चर्चा करण्यातही अर्थ नाही, तो बदला.

पंधरा-वीस किलोमीटर चालवून आल्यावर चारही हबच्या जवळ हात नेऊन पाहण्याची पद्धत आगारात होती. एकच हब इतरांपेक्षा जास्त तापला असेल तर तो संशयित. मात्र अडकलेल्या ब्रेकनेही हब तापतो, त्यामुळे एवढ्यावरून बेअरिंगला दोषी ठरवू नये. आणि बेअरिंग बदलायचेच असेल, तर ते प्रेसवरच बसवून घ्या. हातोड्याने ठोकून बसवणारा माणूस दिसला की गाडी परत घेऊन या; ठोक्याचा मार छर्ऱ्यांमधून कड्यांवर जातो आणि नवे बेअरिंग बसतानाच निम्मे मरते. माझ्या खिडकीतून गेलेली कितीतरी बेअरिंगे अशी महिनाभरात परत आलेली मी वहीत नोंदवली आहेत.

आपला मिस्त्री बरोबर असण्याची शक्यताही आहे, हे मान्य करायला हवे. ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना सूर स्पष्ट बदलत असेल, वळणावर काहीच फरक पडत नसेल आणि टायर चांगले असतील, तर मी त्याच्या बाजूचा आहे. तेव्हाही उतरवण्याआधी गिअर ऑइलची पातळी बघायला सांगा. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टकटक होत असेल, तर ते एक्सलच्या जॉइंटचे प्रकरण आहे, त्याचा या घुमण्याशी संबंध नाही. आणि चाक धरून हलवल्यावर खेळ लागत असेल, तर हे सगळे प्रयोग बाजूला ठेवून गाडी उभी करा. त्या अवस्थेत ती महामार्गावर नेऊ नये. वळणाचा प्रयोगही मोकळ्या, रुंद रस्त्यावर, हलक्या हाताने करावा, घाटात मुद्दाम करू नये. मी घाटात मुद्दाम केला नव्हता.

खर्चाचे विचारले होते. माझा आकडा वर दिला आहे, तो 2022 सालचा असून त्यात गरज नसलेली क्लचप्लेट धरलेली आहे. आपल्या गाडीचा आकडा मी सांगू शकत नाही. आवाज कोणत्या वळणावर वाढतो आणि मागच्या आसनावर कोण, कोणत्या बाजूला बसते, एवढे मात्र कळवावे.